सण अष्टमीला का पडतो? कल्पित संस्कृतीचे सण रचताना

मंडळी, फँटसी लिहिणाऱ्यांच्या हस्तलिखितांत एक सण हमखास भेटतो. पौर्णिमेची रात्र, डोंगरमाथ्यावर शेकोटी, पांढऱ्या वस्त्रातली पुजारीण, ढोल, आणि कुठल्याशा चंद्रदेवीला वाहिलेली फुलं. वर्णन सुंदर असतं, पण वाचक त्या सणाला जात नाही, लांबूनच बघतो. कारण लाकडं कुणी फोडली, रांधलं कुणी, दुसऱ्या दिवशी भांडी कुणी घासली, आणि मुळात हा सण त्याच रात्री का, याचा कुठेच पत्ता नसतो. म्हणून आज देवापासून सुरुवात करायची नाही. देव सगळ्यात शेवटी बसवू. आधी पंचांग.

चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा झाले की 354 दिवस होतात आणि सौरवर्षाला सुमारे 11 दिवस कमी पडतात. या 11 दिवसांचं काय करायचं, यावर सणांचा सगळा स्वभाव ठरतो. हिजरी पंचांगानं ते सोडून दिले, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. पासष्टी ओलांडलेल्या माणसानं उन्हाळ्याचे रोजे आणि थंडीचे रोजे दोन्ही भोगलेले असतात. आपण अधिक महिना घालून हिशेब जुळवतो, 19 वर्षांत 7 वेळा. नारळी पौर्णिमा 2023 साली 30 ऑगस्टला होती, 2024 ला 19, 2025 ला 8. आणखी 10-11 दिवस मागे गेली असती तर जुलैत शिरली असती. पण 2026 ला अधिक ज्येष्ठ येतो आणि ती पुन्हा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन बसते. ते बरंच आहे. नारळ वाहायचा तो खवळलेला समुद्र निवळायला लागल्यावर, भर पावसात नाही. बाली बेटावर तिसरीच तऱ्हा: तिथलं एक पंचांग 210 दिवसांचं आहे, त्यामुळे गलुंगन हा मोठा सण एकाच इंग्रजी वर्षात दोनदाही येऊ शकतो.

तुमच्या जगाला दोन चंद्र द्यायचे असतील तर अवश्य द्या, पण गुणाकार करून. एकाचा महिना 20 दिवसांचा, दुसऱ्याचा 27 दिवसांचा धरला तर दोघांची पौर्णिमा 540 दिवसांनी एकत्र येते. वर्ष 365 दिवसांचं असेल तर हा महोत्सव एकदा उन्हाळ्यात आणि पुढच्या खेपेला हिवाळ्यात पडणार. मग त्यात दर वेळी ताज्या कणसांचा नैवेद्य दाखवता येत नाही. ही चूक फार होते.

आता एक संस्कृती घडवून बघू. खाडीकाठचं एक कल्पित गाव घ्या. घरं 120, माणसं 600. गावाची भातशेती खाडीच्या पातळीपेक्षा खाली आहे, आणि खारं पाणी अडवतो तो मातीचा बांध. गोव्यातल्या खाजण जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. तिथे बांधाला मानस म्हणतात तो दरवाजा असतो: भरतीच्या पाण्यानं दाबून आपोआप बंद होतो, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतो. आपल्या गावालाही तो देऊ. दर वर्षी पावसाआधी बांध भरावा लागतो, आणि तोच त्यांचा मुख्य सण.

कधी करायचा? पौर्णिमेला केलात तर पहिल्याच दिवशी गाव बुडेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. त्यातही उधाण काय नि भांग काय, तिथीनंतर एक-दोन दिवसांनी खरा जोर धरतात. म्हणून अष्टमीला नारळ फोडायचा, आणि माती पडायची नवमी-दशमीला. पक्ष शुक्ल घ्या, म्हणजे आठवड्याभरात पौर्णिमा येते आणि तिच्या मागोमागचं उधाण नव्या बांधाची परीक्षा घेतं. सण आपोआप दोन टोकांचा झाला: अष्टमीपासून अंगमेहनत, पौर्णिमेपासून तीन रात्री कंदील घेऊन बांधावर जागरण. मधल्या आठवड्यात बांध ओला असतो. त्यावरून गुरं न्यायची नाहीत, वरात जाऊ द्यायची नाही, आणि म्हणून त्या आठवड्यात लग्नाचा मुहूर्तच नाही. पुढे शंभर वर्षांनी या गावातली माणसं सांगतील की या दिवसांत देवी न्हाणीत बसलेली असते, लग्न केलं तर कोपते. निषेध असाच तयार होतो, कारण गळून पडतं आणि भीती उरते. कथेत मात्र दोन्ही माहीत असणारी एखादी म्हातारी ठेवा.

महिना वैशाख धरू. वैशाख शुक्ल अष्टमी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत कुठेही पडू शकते, आणि कोकणपट्टीत पाऊस जूनच्या पूर्वार्धात येतो. सण लवकर पडला तर माती महिनाभर उन्हात तडकते आणि भेगांतून पाणी झिरपतं. उशिरा पडला तर माती बसायच्या आत पाऊस येतो आणि चिखल वाहून जातो. ज्या वर्षी ज्येष्ठ अधिक, त्या वर्षी वैशाखातला सण हमखास लवकर येणार. तेव्हा शेतकरी म्हणतील, सण महिनाभर पुढे ढकला. पंचांग सांगणारा म्हणेल, अधिक महिन्यात सण नसतो. कादंबरीला लागणारं भांडण इथे फुकट मिळतं, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं रास्त आहे.

कामाची वाटणी बघा. बांध 600 मीटर लांब असेल तर घरटी 5 मीटर आले. खाडीतला चिकट गाळ, त्यात भाताचा पेंढा तुडवून थर, पाण्याच्या अंगाला दगड. पेंढा कमी पडला की थर एकमेकांना धरत नाहीत आणि बांध पोटातून फुगतो. ज्या घरात पुरुषमाणूस नाही त्याच्या 5 मीटरचं काय? एक उत्तर असं की त्या बाईच्या माहेरचा भाऊ येतो, आणि त्याला त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत पहिलं पान. घ्या, भाऊबहिणीचा एक विधी तयार झाला. भाऊ आला नाही तर? गाव ते 5 मीटर भरतं, पण वर्षभर त्या तुकड्याला तिच्या नावानं ओळखतं. हा टोमणा कुठल्याही शापापेक्षा जास्त टोचतो.

पोळ्याकडे याच नजरेनं पाहा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, बैलांच्या खांद्याला तूप किंवा लोणी आणि हळद चोळतात, कारण जुवाखाली महिनोन्महिने घासलेला खांदा तोच असतो. दुसऱ्या दिवशी जू मानेवर चढत नाही. वेसण नवी, शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, तोंडात पुरणपोळी. प्रत्येक वस्तू बैलाच्या एकेका अवयवाशी बांधलेली आहे. म्हणूनच हा सण कुणी मोठी गोष्ट न सांगता कळतो.

आता कोठार. वैशाखात भात जुनं झालेलं, कणगीचा तळ दिसायला लागलेला. भाजीपाला नाही. आहे काय, तर फणस, आंबे, करवंदं, कोकम, आणि सुकट, सोडे, खारवलेले बांगडे. सणाचं ताट यातूनच वाढा. केशरी भात आणि दुधाची खीर लिहिलीत तर दूध कुठून आणलंत हे सांगावं लागेल. लहानमोठी माणसं मिळून सरासरी माणशी एका वेळेला 125 ग्रॅम तांदूळ धरला तर 600 जणांना 75 किलो, दोन दिवस दोन्ही वेळा म्हणजे 300 किलो. घरटी अडीच किलो. ज्याची कणगी रिकामी झाली त्याला अडीच किलोही जड. म्हणून रीत अशी बसवा की सगळ्यांनी तांदूळ अंधार पडल्यावर आणायचा आणि एकाच चटईवर ओतायचा, कुणी किती आणला ते दिसू नये. या रितीला मंत्र नसला तरी चालेल.

मानाचा विषय थोडक्यात सांगतो, कारण गावाकडून आलेल्यांना तो शिकवायला नको. गावोगाव पोळ्याचं तोरण पाटलाच्या बैलांनी आधी ओलांडायचं, आणि कोकणात शिमग्याची पालखी कुठल्या घरी आधी जाते यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला असतो. तुमच्या गावात पहिली पाटी मातीची कोण टाकतो? तो मान कुणाकडून कुणाकडे गेला? त्यावरचा वाद कोर्टकचेरीविना सोडवायची गावाची युक्ती कोणती: पाळी, चिठ्ठी, की अजाण पोराच्या हातून पहिली पाटी? एवढं ठरवलंत तरी पुष्कळ.

एक इशारा. राजानं फर्मान काढून सण सुरू केला आणि प्रजा आनंदानं नाचू लागली, असं लिहू नका. फ्रान्समध्ये 1793 साली क्रांतिकारकांनी नवं कॅलेंडर आणलं. सगळे महिने 30 दिवसांचे, आठवडा 10 दिवसांचा, वर्षाअखेरीस उरलेले पाच-सहा दिवस सणांचे. कागदावर सुबक. पण सातव्या दिवशी मिळणारी विश्रांती दहाव्या दिवशी गेली, बाजाराचे वार विस्कटले, चर्चचा रविवार हरवला. 1 जानेवारी 1806 पासून नेपोलियननं जुनं कॅलेंडर परत आणलं. तुमच्या राजाच्या सणालाही असंच कुणीतरी घरात बसून विरोध करत असणार, त्याला जागा द्या.

सगळ्या घरांत एकच रीत ठेवण्याचा मोह होतो, तोही टाळा. आपल्या गौरी पाहा. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. गणपती तिथीवर येतो आणि गौरी नक्षत्रावर, म्हणून गौरींबरोबर जाणारा गणपती एका वर्षी पाच दिवस राहतो आणि एखाद्या वर्षी सहा किंवा सात. कुणाकडे मुखवटे, कुणाकडे पाणवठ्यावरचे खडे, कुणाकडे तेरड्याची रोपं. कुणाच्या नैवेद्यात सोळा भाज्या, तर कोकणातल्या काही घरांत गौरीला सामिष. हे सगळं एकाच गल्लीत सापडतं, आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं.

राहिला देव. आपल्या गावाचा देव कुठे असेल ते आता आपोआप दिसतं: बांध पूर्वी जिथे फुटला होता त्या जागी, मानसाच्या बाजूला, एक साधा दगड. कोकणात ज्याला राखणदार म्हणतात त्याच्या जातीचा. त्याला देऊळ नको, पुजारी नको. जागरणाच्या शेवटच्या रात्री उधाण ओसरलं की ज्याच्या वाट्याचे 5 मीटर सगळ्यात जास्त झिरपले, त्या घरानं दगडाला खारा बांगडा आणि भाताचा मुटका ठेवायचा, आणि उजाडायच्या आत पेंढ्याची एक पेंडी आणून ती भेग बुजवायची.