अंजिराला ऊब नको, झोप हवी

(दृश्य : नोव्हेंबरअखेर. ब्रुकलिनमधल्या एका घराचं परसदार. जुन्या गालिच्यात आणि डांबरी कागदात गुंडाळलेला, माणसाहून उंच असा एक खांब. माथ्यावर उपडी घातलेली प्लॅस्टिकची बादली.)

न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीमधल्या जुन्या इटालियन वस्त्यांमधून हिवाळ्यात चक्कर मारली, की घरांच्या मागे असं एखादं उभं गाठोडं दिसतं. नवख्या माणसाला वाटतं, कुणीतरी अडगळ बांधून ठेवली आहे. आत अंजिराचं झाड आहे. वरची बादली पावसाचं आणि बर्फाचं पाणी आत झिरपू नये म्हणून.

१८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत आली. त्यांतली बहुतेक दक्षिणेची, सिसिली, कालाब्रिया, नेपल्सच्या आजूबाजूच्या गावांमधली. त्यांच्या मुलखात अंजीर दगडी भिंतीच्या फटीतूनही उगवतं. ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टमध्ये नाहीतर ब्रॉन्क्सच्या आर्थर अ‍ॅव्हेन्यूवर घर केलेल्या या लोकांसमोर प्रश्न होता तो जानेवारीचा. जमीन दगडासारखी गोठते, तिथे भूमध्य समुद्राकाठचं झाड जगवायचं कसं? त्यांनी घरात जे होतं ते वापरलं : गालिचे, गोधड्या, गोणपाट, जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचे तुकडे. आणि झाडं जगली. आजोबांनी इटलीहून फांदी कपड्यांत गुंडाळून आणली, अशी गोष्ट तिथल्या कितीतरी घरांत अजून सांगतात.

(दृश्य : न्यू जर्सी, एडिसन. एका मराठी घरामागची बाग. पानं गळू लागलेलं अंजीर. शेजारी वाळलेली कारल्याची वेल.)

न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या बागांतही आता अंजीर दिसू लागलं आहे. या बागेतले काका-काकू सासवडकडचे. पुरंदर तालुक्यातून आलेल्या माणसाला अंजीर नवं नाही. दिवे, सोनोरी, गुरोळी या गावांतून त्याच्या बागाच्या बागा आहेत आणि २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण काकांनी इथे लावलेलं झाड पुरंदरचं नाही. ते आहे ‘शिकागो हार्डी’, थंडीला चिवट म्हणून इथे नावाजलेली जात. तिकडून फांदी बॅगेत घालून आणायचा मोह कुणालाही होईल, पण तो टाळायलाच हवा. परवानगी आणि रोगमुक्ततेचा दाखला नसेल तर लागवडीची रोपं-फांद्या अमेरिकेत आणता येत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. फांदीसोबत कीड येते, तांबेऱ्यासारखा बुरशीचा रोगही येऊ शकतो.

पुरंदरचा शेतकरी आणि ब्रुकलिनचा इटालियन म्हातारा एकमेकांना कधी भेटले नसतील, तरी दोघांना एकच गोष्ट ठाऊक आहे : अंजिराला विश्रांती लागते. पुरंदरात ती माणूस घडवून आणतो. बागेचं पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, मग छाटणी करून खत-पाणी सुरू करायचं, की डोळे फुटतात आणि बहार धरतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येणारा मीठा बहार याच हिशेबावर उभा असतो. न्यू जर्सीत झाडाला झोपवायचं काम थंडी स्वतःच करते. माणसाच्या हाती उरतं ते एवढंच, की ही झोप मोडू द्यायची नाही आणि झोपेत झाडाचं लाकूड मरू द्यायचं नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण हिवाळ्यात दगावणाऱ्या बऱ्याच झाडांचा घात थंडीपेक्षा अवेळी मिळालेल्या उबेनं होतो. पूर्ण झोपलेलं, लाकूड पक्कं झालेलं अंजीर उणे ९-१० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी साधारणपणे सोसतं. पण फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं, गुंडाळीच्या आत गरम झालं, डोळे फुगले, आणि पाचव्या रात्री पुन्हा पारा घसरला, तर फुगलेले डोळे जळून जातात. म्हणून झाडाला गरम ठेवण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. हवं ते थंड, कोरडं आणि एकसारखं.

ही तयारी नोव्हेंबरात सुरू होत नाही, ती सुरू होते ऐन उन्हाळ्यात. जुलै संपता संपता नत्राचं खत बंद करायचं. सप्टेंबरपासून पाणी कमी करत न्यायचं. उशिरापर्यंत खत-पाणी खाल्लेलं झाड ऑक्टोबरातही हिरवी, लुसलुशीत फूट काढत राहतं, आणि त्या कोवळ्या फांद्यांत पाणी भरलेलं असतं. पहिल्या कडक गोठणीत त्या काळ्या पडतात. उलट तपकिरी, टणक झालेली फांदी तग धरते.

(दृश्य : काका हातमोजे घालून झाडाशी उभे. पुतण्या दोरीचं बंडल सोडवतो आहे.)

पहिल्या गोठणीनं पानं गळली, की काम सुरू. उरलीसुरली पानं हातानं तोडायची. न पिकलेली मोठी फळंही काढून टाकायची, नाहीतर ती आत कुजतात आणि बुरशी फांदीवर चढते. अंजीर झाडावरून उतरवल्यावर पिकत नाही, त्यामुळे ती ठेवून उपयोगही नाही. देठ तुटला की पांढरा चीक येतो. हातमोजे त्यासाठीच. हा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात.

मग छाटणी. इथे थोडं थांबू या. अंजिराला दोन वेळा फळ येऊ शकतं. एक गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर, उन्हाळ्याच्या सुरुवातीला. दुसरं, मुख्य पीक, त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, ऑगस्ट-सप्टेंबरात. हिवाळ्यात सगळं कापून काढलं तर पहिलं फळ गेलंच म्हणून समजा. म्हणून गुंडाळणीच्या आड येणाऱ्या, एकमेकींवर घासणाऱ्या, फार लांबलेल्या फांद्याच काढायच्या. कापलेल्यांपैकी पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या फेकू नका. ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या तर वसंतात त्यांची रोपं होतात. इटालियन वस्त्यांमध्ये एका परसातून दुसऱ्या परसात अंजीर पसरलं ते असंच.

आता बांधणी. फांद्या खालून वर, हळूहळू आत ओढत, मऊ दोरीनं बांधत न्यायच्या.

“अरे, ओढ तिकडून, पण बेतानं. आज एवढीच वाकव. उरलेली उद्या.”

काका म्हणतात ते खरं आहे. जाड फांदी एका दमात आवळली तर बुडाशी चिरते. एक-दोन दिवसांच्या अंतरानं आवळत गेलं की ती ऐकते. जुडी तयार झाली की तिच्याभोवती गोणपाटाचे किंवा जुन्या सुती चादरींचे दोन-तीन वेढे. त्याबाहेर कोंबडीच्या जाळीचा एक गोल उभा करतात आणि मधल्या जागेत सुका पालापाचोळा भरतात. ओला पाला चालत नाही. शेवटी बाहेरून ताडपत्री, पण ती झाडाला टेकता कामा नये. प्लॅस्टिक थेट फांदीला लागलं की आत वाफ धरते आणि तिथेच साल कुजते. माथ्यावर बादली, बुडाशी बारीक जाळी आणि खोडाभोवती टोपलीभर पालापाचोळ्याचा ढीग. जाळी उंदरांसाठी. बर्फ पडला की त्यांना खायला काही मिळत नाही आणि ते खोडाची साल गोलाकार कुरतडतात. असं झाड वसंतात बाहेरून धडधाकट दिसतं आणि महिन्याभरात मान टाकतं.

फार कडक थंडीच्या भागात जुनी इटालियन माणसं याहून धाडसी काम करत. झाडाच्या एका बाजूची मुळं कुदळीनं तोडायची, झाडाएवढा लांब चर खणायचा, अख्खं झाड त्यात आडवं करायचं, वर फळ्या आणि फळ्यांवर माती. एप्रिलमध्ये उकरून पुन्हा उभं करायचं. पाहताना काळजाचा ठोका चुकतो, पण जमीन खोलवर तितकी गोठत नाही, आणि दुसऱ्या बाजूची मुळं झाडाला जिवंत ठेवतात.

(दृश्य : गॅरेज. अंधारात ओळीनं ठेवलेल्या कुंड्या. प्रत्येकीत पानं नसलेली काटकुळी काडी.)

जागा भाड्याची असेल तर सरळ कुंडीत लावा. कुंडी गॅरेजमध्ये न्यायची, पण हीटर नसलेल्या. घरात, हॉलमध्ये, खिडकीशी मुळीच नको. पानं नसल्यामुळे उजेडाची गरज नाही. माती पार कोरडीठाक होऊ नये एवढंच पाणी, तीन-चार आठवड्यांनी एखादा पेला.

बाहेर काढण्याची घाई मात्र अनेकांना नडते. मार्चमध्ये ऊन पडलं की हात शिवशिवतात. ताडपत्री आणि बादली आधी काढा, आतले वेढे राहू द्या. एप्रिलच्या मध्यावर, ढगाळ दिवशी, उरलेलं सोडा. हिवाळाभर अंधारात राहिलेली साल एकदम कडक उन्हात आली तर करपते. कुंड्यांनाही तेच लागू. दिवसा सावलीत बाहेर, रात्री पारा उतरणार असेल तर परत आत, आणि हे मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालू शकतं.

(दृश्य : मे महिना. नखानं फांदीची साल खरवडणारा हात. आत तपकिरी. खाली, जमिनीलगत, पुन्हा खरवड. आत हिरवं.)

एवढं करूनही एखाद्या वर्षी वरचं सगळं लाकूड मरतं. नखानं साल खरवडली की कळतं : आत हिरवं असेल तर जीव आहे, तपकिरी असेल तर ती फांदी गेली. वरून खाली तपासत या आणि हिरवं लागेल तिथे कापा. अगदी जमिनीपर्यंत हिरवं नाही सापडलं, तरी जूनपर्यंत कुदळ लावू नका. मुळं मातीत सुरक्षित असतात. मातीतून चार-पाच फुटवे उठतील. त्यांतले तीन जोरदार ठेवा, बाकीचे काढा. त्या वर्षी पहिलं फळ मिळणार नाही. पण शिकागो हार्डीसारख्या जातीत मुख्य पीक नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे सप्टेंबरअखेर झाडावर फळ दिसू शकतं. फळाची मान झुकली, साल ताणून चिरली आणि बुडाच्या छिद्राशी मधाचा थेंब आला, की तोडायचं. आणि जमलं तर त्याच दिवशी खायचं, कारण पिकलेलं अंजीर दोन दिवसही थांबत नाही.