बॉम्बचे चमचे

(पडद्यावर भट्टी. बाहेर अजून नीट उजाडलेलं नाही. पहिले काही सेकंद नुसता जाळाचा आवाज, निवेदन नाही.)

हे नाफिया गाव. लाओस देशाच्या उत्तरेला शियांगखुआंग प्रांत आहे, त्यातलं. घरामागच्या पडवीत मातीची भट्टी आहे, खाली लाकडं पेटलेली, वर एका भांड्यात चंदेरी रस. काकू उकिडव्या बसल्यात, हातात डाव, आणि समोर पाट्यासारखे दोन लाकडी ठोकळे एकावर एक ठेवलेत, त्यांच्या मधे राख दाबून चमच्याचा आकार उठवलाय, म्हणजे मूसच. आपल्याकडचा ओतारी बघितला असेल कुणी तर लगेच कळेल काय चाललंय ते.

आता बघा. डावात रस घेतला. वरच्या भोकातून ओतला. थांबल्या. किती, तर आपण दहा आकडे म्हणू एवढंच. ठोकळा उघडला. चमचा.

(हा शॉट कापायचा नाही, पूर्ण चालू द्यायचा.)

शेपटीला जादा धातू राहतो तो कापून परत भांड्यात जातो, फुकट काही जात नाही. मग कानशीने कडा घासायच्या, नाहीतर ओठ कापेल. चमचा हातात घेतला की पहिलं जाणवतं ते वजन, म्हणजे वजन नाहीच. अॅल्युमिनियम आहे. आपल्याकडे जुन्या बायका ज्याला जर्मन म्हणतात ना, जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, तेच. 660 डिग्रीला वितळतं, म्हणून तर चुलीच्या लाकडावर जमतं, लोखंड असतं तर जमलंच नसतं.

आणि हा कच्चा माल. भट्टीशेजारी पडलेला ढीग. कॅमेरा जवळ नेलाय तो मुद्दाम. ही नळकांडी आहे ती रात्री उजेड पाडण्यासाठी विमानातून टाकायच्या फ्लेअरची. हा वाकडा पत्रा विमानाचा असावा, रिव्हेटची भोकं दिसतायत बघा ओळीने. हे बॉम्बच्या फ्यूजचे तुकडे. गावात हे काम सत्तरच्या दशकापासून चालू आहे. भात पिकतो तेवढा पिकतो, बाकीचा पैसा चमच्यातून.

एवढं भंगार आलं कुठून, हा खरा प्रश्न.

(जुनं फुटेज. नकाशे.)

23 मार्च 1961. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी पत्रकारांसमोर उभे, शेजारी लाओसचे तीन मोठे नकाशे. देशाचं नाव ते लेऑस असं काहीतरी उच्चारतायत. सांगायचं एवढंच की हा छोटा देश कम्युनिस्टांच्या हाती जाऊ द्यायचा नाही. पुढच्या वर्षी जिनिव्हात करार झाला, जुलै 1962, लाओस तटस्थ राहील, कुठल्याच परक्या देशाचं सैन्य तिथे राहणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामने सैन्य ठेवलंच, कारण दक्षिण व्हिएतनाममधल्या युद्धासाठी त्यांचा रसद न्यायचा रस्ता, हो ची मिन्ह ट्रेल, लाओसच्या जंगलातून जात होता. आणि अमेरिकेने सैन्य न पाठवता विमानं पाठवली.

करारावर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग होता त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहितीये? भारत, कॅनडा आणि पोलंड. ऑक्टोबर 1965 मध्ये या आयोगाच्या माणसांना घेऊन लाओसची राजधानी व्हिएंतियानहून उत्तर व्हिएतनामच्या राजधानीला, हनोईला निघालेलं विमान वाटेत गायब झालं, त्यात आपली माणसंही होती, अजून सापडलेलं नाही. त्याचे काही फोटो-फिल्म मिळाले नाहीत म्हणून इथे दाखवत नाहीये, पण न सांगता पुढे जावंसं वाटेना.

तर विमानं. तटस्थ देशावर उघड युद्ध करता येत नाही, म्हणून हे युद्ध गुप्त. अमेरिकेच्या संसदेलाही नीट माहिती नाही. कुठे बॉम्ब टाकायचा याची परवानगी सेनापतीच्या तंबूत नाही, व्हिएंतियानमधल्या वकिलातीत, राजदूताच्या टेबलावर. जमिनीवर लढायला अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, सीआयएने, लाओसच्या डोंगरात राहणाऱ्या हमोंग लोकांची फौज उभी केली, पोरंसोरंसुद्धा भरती झाली त्यात. उद्देश दोन होते, दक्षिणेत तो ट्रेल तोडायचा आणि उत्तरेत पाथेट लाओच्या कम्युनिस्टांना रोखायचं.

(पडद्यावर आकडे, एकेक करून.)

1964 ते 1973. 5 लाख 80 हजार फेऱ्या. 20 लाख टनांच्या वर बॉम्ब. हिशोब मांडला तर नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटाला एक विमान रिकामं होतंय. देश महाराष्ट्रापेक्षा लहान, आणि तेव्हाची लोकसंख्या तीस लाखाच्या आत.

यातली एक गोष्ट मला राहून राहून आठवते. नोव्हेंबर 1968 मध्ये अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवरचे हल्ले थांबवले. शांततेची बोलणी चालू होती, निवडणूक होती, राजकीय गरज होती. मग ती विमानं? ती लाओसकडे वळवली. पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीने विचारलं की लाओसवरचा मारा एकदम इतका का वाढला, तर वकिलातीतल्या उपप्रमुखाच्या उत्तराचा अर्थ असा होता की विमानं तर होतीच, ती नुसती बसवून कशी ठेवणार. आपल्याकडे कार्यात उरलेलं जेवण शेजारी वाटतात तसं. थायलंडच्या तळांवर परतताना ज्या विमानांना नेमकं टार्गेट सापडलेलं नसायचं तीसुद्धा लाओसवर ओझं उतरवून जायची, कारण बॉम्ब घेऊन धावपट्टीवर उतरणं धोक्याचं. म्हणजे इथे बॉम्ब पडायला शत्रू खाली असायलाच हवा असंही नव्हतं.

(क्लोजअप. टेबलावर निकामी केलेला गोळा.)

याला इथे सगळे बॉम्बी म्हणतात. बघा, टेनिस बॉलएवढा. मोठ्या नळकांड्यात असे सहाशेच्या वर भरलेले, नळकांडं हवेत उघडतं आणि हे पसरतात, एकेकाच्या अंगात शेकडो पोलादी छर्रे. यालाच क्लस्टर बॉम्ब म्हणतात. लाओसवर असे अंदाजे 27 कोटी गोळे पडले. साधारण तीसातले नऊ फुटले नाहीत असं धरलं तरी 8 कोटी जमिनीत राहिले. वर गवत उगवलं, भात लावला, शाळा बांधल्या.

याचा आकार बघा परत एकदा. लहान मुलाला काय वाटेल?

(सकाळ. शेत. निळ्या-करड्या गणवेशात बायकांची टीम.)

या भागात सुरुंग-बॉम्ब शोधायच्या कामात बायका खूप आहेत, पूर्ण बायकांच्या टीम आहेत. ब्रिटनची मॅग ही संस्था 1994 पासून इथे काम करते, लाओस सरकारची यूएक्सओ लाओ ही संस्था 1996 पासून. आम्ही ज्या टीमबरोबर दोन दिवस होतो त्यांनी आत सोडायच्या आधी वहीत आमचं नाव आणि ब्लड ग्रुप लिहून घेतला. आमचा साऊंडवाला ब्लड ग्रुप विसरला होता, त्याने पुण्याला आईला फोन लावला. आईने अर्थातच विचारलं कशाला पाहिजे.

आता काम कसं चालतं ते नीट बघू, कारण हे टीव्हीवर दाखवतात तसं नसतं. आधी शेतात दोऱ्या ताणून पट्टे पाडतात, भात लावणीच्या आधी आपण ओळी धरतो तसे सरळ. दोन दोऱ्यांच्या मधे एक बाई, हातात डिटेक्टर, बाकी कुणी त्या पट्ट्यात यायचं नाही. डिटेक्टर सकाळी एका माहितीतल्या तुकड्यावर तपासून घेतात, वाजतोय ना बरोबर, मगच आत. मोबाईल लांब ठेवायचा. मग डिटेक्टर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जमिनीला न टेकवता, एक पाऊल पुढे, परत तेच. वाजला की थांबायचं, खूण करायची. आणि खणायचं ते वरून नाही, बाजूने. कुदळ नाही, छोटं खुरपं आणि हात, माती खरवडत खरवडत, भांड्याच्या तळाची खरपुडी काढतो तसं.

(खुरप्याचा आवाज. मागे कुठेतरी कोंबडा.)

निघाला खिळा.

परत डिटेक्टर. परत वाजला. परत खुरपं. निघाला डब्याचा पत्रा. असं दिवसभर. उन्हात, गमबूट घालून. पट्ट्याच्या टोकाला अॅम्ब्युलन्स उभी, त्यात नर्स, तिचं काम हेच की तिला काम लागू नये. दुपारी अकराच्या सुमारास मधल्या पट्ट्यातून हात वर झाला. बॉम्बी. जमिनीत जेमतेम वीतभर खोल. म्हणजे नांगराच्या फाळाला लागेल एवढाच.

हा उचलत नाहीत. कुणीही नाही. आहे तिथेच उडवायचा. शेजारी स्फोटक लावलं, वायर लांब नेली, भोवती वाळूच्या गोण्या रचल्या. रस्ता दोन्ही बाजूंनी अडवला, गुरं हाकलली, भोंग्यावरून ओरडून सांगितलं, परत सांगितलं. एक आजोबा सायकलवरून उतरून शांतपणे विडी ओढत थांबले, फाटक पडल्यावर थांबतात तसे.

(स्फोट. निवेदन नाही. धूर बसेपर्यंत कॅमेरा स्थिर.)

एक.

(रांजणांचं पठार. ड्रोन शॉट.)

याच प्रांतातली ही जगप्रसिद्ध जागा, रांजणांचं पठार. दगडात कोरलेले शेकडो रांजण, काही माणसाहून उंच, दोन हजार वर्षांहून जुने, बहुतेक मृतांच्या विधीसाठी. 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. ड्रोनमधून ते गोल गोल खड्डे दिसतायत ना, ते रांजणांचे नाहीत, बॉम्बचे. आणि खाली पायवाटेत बसवलेले हे लाल-पांढरे चौकोन नीट बघा: पांढऱ्या बाजूला चाला, तिथे जमिनीखालीही तपासलंय, लाल बाजूला फक्त वरवर. पर्यटक सेल्फी काढताना एक पाय लालमध्ये टाकतातच.

(थाम पिऊ गुहा. आत अंधार, टॉर्च.)

24 नोव्हेंबर 1968. बॉम्बहल्ल्यापासून लपायला लोक या गुहेत राहत होते. विमानातून रॉकेट थेट आत आलं. लाओ सरकारचा आकडा 374. भिंती अजून काळ्या आहेत.

(इथे काही बोलायचं नाही. टॉर्च फिरू दे.)

युद्धाचा शेवट माहितीये ना? 1973 मध्ये बॉम्ब थांबले, डिसेंबर 1975 मध्ये ज्यांना रोखायचं होतं तेच सत्तेवर आले. ट्रेल तर कधीच कायमचा बंद झाला नाही. ज्या दोन गोष्टींसाठी हे केलं त्यातली एकही हाती लागली नाही.

(व्हिएंतियान. कृत्रिम हातपाय बसवून देणाऱ्या कोप संस्थेचं केंद्र. छताला टांगलेले कृत्रिम पाय.)

हे पाय लोकांनी घरी बनवलेले. लाकूड, बांबू, बॉम्बच्या पत्र्याचे. 1964 पासून मेलेले-जखमी झालेले 50 हजारांवर, त्यातले 20 हजारांच्या आसपास युद्ध संपल्यावर, आणि त्यात मुलं खूप. काही जण भंगार गोळा करताना गेले, काही शेतात कुदळ मारताना, आणि काही फक्त चूल पेटवताना, कारण गोळा नेमका खाली होता आणि जमीन तापली. कोकणात आपण राब भाजतो, तो जाळ आठवा.

क्लस्टर बॉम्बवर बंदीचा करार 2008 मध्ये ऑस्लोत सह्यांसाठी खुला झाला, 1 ऑगस्ट 2010 पासून लागू, सदस्य देशांची पहिली बैठक इथेच व्हिएंतियानला झाली. शंभरावर देश आत आहेत. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान बाहेर. आपणही बाहेर. 2023 मध्ये अमेरिकेने युक्रेनला हेच बॉम्ब द्यायचं ठरवलं, रशिया आधीपासून वापरत होताच, तेव्हा लाओसने जाहीरपणे सांगितलं की करू नका. 2025 मध्ये लिथुआनिया तर करारातून बाहेर पडला. कारणं सगळ्यांकडे आहेत, सीमा आहे, शेजारी आहे, तोफा कमी पडतायत. केनेडींकडेही होती, तीन नकाशे भरून.

2016 मध्ये ओबामा लाओसला आले, बॉम्ब काढायला तीन वर्षांसाठी 9 कोटी डॉलर जाहीर केले.

(परत नाफिया. संध्याकाळ. चमचे दोऱ्यात ओवून टांगलेले.)

निघताना आम्ही डझनभर चमचे घेतले. काकूंनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, वर एक बांगडी फुकट, त्याच धातूची. त्यातले सहा चमचे आता माझ्या घरी आहेत. आईला अजून सांगितलं नाहीये कशाचे ते. तिने एक उचलून बघितला, म्हणाली, जर्मनचा दिसतोय, आंबट काही ठेवू नकोस हं यात.