आजच्यापुरता भरवसा

मंडळी, पवित्र शास्त्रातल्या निर्गम पुस्तकाचा सोळावा अध्याय आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत. एलीम आणि सीनाय यांच्या मधल्या रानात इस्राएल लोक भुकेने कुरकुरू लागले आणि देवाने त्यांना खायला आकाशातून मान्ना दिला. धण्यासारखा पांढरा, चवीला मध घातलेल्या पोळीसारखा. एवढे आपल्याला पाठ असते. त्याच अध्यायात मान्न्यात किडे पडल्याचेही लिहिले आहे, ते मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो. माणशी एक ओमर, म्हणजे एका दिवसापुरते माप, गोळा करा, सकाळपर्यंत काही ठेवू नका, असे सांगितले होते. काहींनी ठेवलेच. सकाळी त्याला घाण सुटली आणि त्यांचा पुढारी मोशे संतापला.

त्या लोकांना मी दोष देणार नाही. मिसरात, म्हणजे इजिप्तात, पिढ्यानपिढ्या गुलामी केलेली माणसे ती. उद्या धनी काय देईल याचा नेम नाही, म्हणून आज हाताला लागेल ते दडवून ठेवायचे, ही सवय हाडीमाशी खिळलेली. देवाने त्यांना तांबड्या समुद्रातून एका रात्रीत पार केले. पण ही सवय सुटावी म्हणून चाळीस वर्षे रोज सकाळी एक ओमर मोजायला लावले. आपल्याकडे कन्व्हेन्शनच्या मंडपात लोक डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, प्रभू, आजपासून सगळे तुझ्या हाती. ते खरेच असते, मनापासूनचे असते. पण सोमवारी सकाळी बँकेचा हप्ता उभा राहतो, मुलाच्या पोलीस भरतीची यादी लागायची असते, कांद्याचा भाव पडलेला असतो, आणि मंडपातला भरवसा सोमवारी पुन्हा नव्याने ठेवावा लागतो. मंगळवारी परत. यात आपला विश्वास खोटा ठरत नाही. तो शिकण्याची रीतच तशी आहे. प्रभू येशूने शिकवलेली प्रार्थनाही याच मापाची आहे: 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' वर्षाची भाकर एकदम मागायला त्याने शिकवले नाही.

मग साठवायचेच नाही का, असे तरुण मंडळी विचारतात. विमा काढू नये? एफडी मोडावी? शास्त्र नीट वाचा. सातवा दिवस विसाव्याचा, म्हणून सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितले, आणि तो दुसऱ्या दिवशीचा मान्ना नासला नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला, म्हणून मिसर वाचला आणि त्याचे बाप-भाऊही वाचले. साठवणीचे आणि भरवशाचे वैर नाही. प्रश्न एवढाच आहे, की रात्री आपल्याला झोप कशाच्या जोरावर लागते.

औषधांबद्दलही इथे स्पष्ट बोलतो, कारण या गोष्टीने घरे उद्ध्वस्त होतात. मधुमेहाच्या किंवा फिट्सच्या माणसाला 'गोळ्या बंद कर, विश्वास ठेव' असे सांगणारे लोक आपल्या गावांतून फिरतात. त्यांचे ऐकू नका. दुखणेकऱ्यांना वैद्याची गरज असते, हे प्रभू स्वतः बोलला. प्रेषित पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. मिरजेला वानलेस रुग्णालय उभे राहिले ते प्रार्थना करणाऱ्या माणसांच्याच हातून. गोळी घ्या आणि ती घेताना देवाचे आभार माना.

आता पंडिता रमाबाईंविषयी. त्यांचा विश्वास मोठा होता असे म्हणून आपण त्यांना तसबिरीत बसवून टाकतो. त्यांच्या विश्वासाखाली काय काय होते ते पाहा. १८७० नंतरच्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली, सगळी काही महिन्यांच्या आत. भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघे पायी देशभर फिरले. पुढे भाऊही गेला. १८८० साली लग्न झाले आणि १८८२ साली पती पटकीने वारले. कडेवर लहानगी मनोरमा. देव कधी उपाशी ठेवत नाही, असे सहजपणे म्हणणे या बाईंना शक्यच नव्हते. उपासमारीने माणूस कसा मरतो ते त्यांनी आपल्या घरात पाहिले होते.

म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींची दशा कानावर आल्यावर त्यांना पुण्यात बसवेना. त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्याचे त्यांचे शारदा सदन, विधवा-मुलींचे घर आणि शाळा, तेवढ्यांना पुरणारे नव्हते. पुणे जिल्ह्यातल्या केडगावची त्यांची जमीन उघडीबोडकी होती. अमेरिकेतल्या मंडळाने सदनासाठी घेतलेली दहा वर्षांची हमीही संपत आली होती. हिशेबाच्या वहीने 'थांबा' म्हणावे अशीच ती वेळ. त्यांनी मुलींना केडगावला नेले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार पाने रोज वाढायची! तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना चालवला. पहाटे प्रार्थना आणि दिवसभर कामाला हात. देवावर टाकलेले ओझे आणि स्वतः उचललेले काम यांत त्यांनी कधी भांडण लावले नाही.

आणि मागितलेले सगळे त्यांना मिळाले, असेही नाही. हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मनोरमा कामात तयार झाली होती. पुढे सगळे तीच सांभाळणार, अशीच सर्वांची समजूत. १९२१ साली ती गेली. रमाबाईंचे तेव्हा पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम चालू होते, मूळ इब्री आणि ग्रीकवरून, साध्या बायांना कळावे म्हणून. ते त्यांनी सोडले नाही. काम शेवटाला नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मुलीच्या मरणाचा अर्थ त्यांना लागला होता का, हे ठरवणारा मी कोण? काम चालू राहिले, एवढे दिसते, आणि मला ते पुरते.

माझ्या आईला अक्षरओळख बेताचीच. दळायला बसण्याआधी ती ज्वारीची एक मूठ बाजूला काढून डालड्याच्या डब्यात टाकायची. रविवारी तो डबा देवळात जायचा. उरले तर देऊ, असे तिच्याकडे नव्हते. मूठ आधी, जाते नंतर. १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि तव्यावर फुगायची नाही. तेव्हाही मूठ निघत होती. मी पाहत असे. तिची बोटे पुरी मिटायची नाहीत, चिमटीपेक्षा थोडे अधिक, इतकेच. पण डब्याचे झाकण रोज उघडत होते. कुणी म्हणेल, एवढ्याशा मिलोने देवळाचे काय होणार होते? देवळाचे काही होणार नव्हते. आईचे होत होते. घरात धान्य कुणाचे आहे, हे ती रोज सकाळी स्वतःला हाताने सांगत होती.

भरवशाचा माणूस गप्प बसतो, असाही एक समज आहे. तेराव्या स्तोत्रात दावीद पहिल्या दोन वचनांतच देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार? असली तक्रार शास्त्रात ठेवली आहे, गाळलेली नाही. ज्याच्याशी संबंध तुटला त्याच्याकडे कोण गाऱ्हाणे घेऊन जाते? तेव्हा घरात पदर डोळ्यांना लावून, आवाज चढवून प्रार्थना करणारी बाई दिसली, तर तिचा विश्वास डळमळला असे कुणी म्हणू नका. ती योग्य दारात उभी आहे.

आता ज्यांना प्रार्थनाच सुचत नाही, त्यांच्याविषयी. असे लोक आजही इथे बसले असतील. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षघाती माणसाला चौघे उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा छप्पर उसकतात. प्रभूने कुणाचा विश्वास पाहिला? 'त्यांचा' असे लिहिले आहे. बाजेवरचा माणूस तोंडातून एक शब्द बोललेला नाही. तो विश्वास ठेवत होता का, हेही आपल्याला सांगितलेले नाही. त्याच्या वाट्याचा भरवसा इतरांनी खांद्यावर घेतला आणि प्रभूला तो चालला.

म्हणून एक विनंती. आपल्या मंडळीत सध्या ज्यांच्या घरी दुखणे आहे, त्यांची नावे पाळकसाहेबांकडे आहेत. उपासनेनंतर पाच मिनिटे थांबा आणि कोणत्या दिवशी कोण डबा नेणार, रात्री दवाखान्यात कोण झोपणार, ते ठरवून घ्या. तिथे गेल्यावर वचने ऐकवायची घाई करू नका. आधी नातेवाइकाला जेवायला बसवा.