सेरियनचा शंख मोजताना

(दृश्य: बहामा बेटं. किनाऱ्यावरचं झुडूप, फांद्यांना चिकटलेले शंख.)

ही सेरियन. जमिनीवर राहणारी गोगलगाय. स्टीफन जे गूल्ड यांना जग ओळखतं ते विज्ञानलेखक म्हणून. पण त्यांची नजर तयार झाली ती शंखांवर. आधी बर्म्युडातल्या जीवाश्म गोगलगायींवर पीएचडी, १९६७ पासून हार्वर्डमध्ये अध्यापन, आणि मग ही सेरियन.

(शंख, अगदी जवळून.)

टोकाकडे पाहा. अंड्यातून बाहेर पडताना होता तो शंख अजून तिथेच आहे. त्याखाली वेढ्यावर वेढा येत गेला, जुना पुसला गेला नाही. म्हणून पिल्लापासूनची सगळी वाढ एकाच शंखावर मोजता येते. वाढ पुरी झाली की तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळते आणि वेढे थांबतात. तुलनेला घ्यायचे ते असे कड धरलेले शंखच. अर्धवट वाढलेला एखादा जरी मिसळला, तरी लहान वयाचा आणि लहान चणीचा यांत घोटाळा होतो. टोक झिजलेलाही बाजूला काढायचा, कारण मग वेढे मोजायचे कुठून?

(कॅलिपर या मापयंत्राच्या जबड्यात शंख.)

उंची, रुंदी, वेढे, बरगड्या म्हणजे शंखावरचे उभे उंचवटे, तोंडाचा आकार. एकेक माप सुटं बघून भागत नाही. दोन शंख सारख्याच उंचीचे असतात, पण एकाने ती थोडक्या मोठ्या वेढ्यांनी गाठलेली असते, दुसऱ्याने पुष्कळ लहान वेढ्यांनी. एक माप बदललं की दुसरं सोबत ओढलं जातं. म्हणून गूल्ड सगळी मापं एकत्र घेऊन त्यांचं सांख्यिकी विश्लेषण करत.

त्याआधी जरा वेगळा दिसला की नवं नाव, असं करत सेरियनच्या सुमारे ६०० प्रजाती नोंदल्या गेल्या होत्या. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड वुड्रफ यांच्यासोबत गूल्ड यांनी बेटं पालथी घातल्यावर त्यांतली मांडणी दिसू लागली. खोल समुद्राकडच्या खडकाळ किनाऱ्यांवर ठळक बरगड्यांचे शंख, उथळ पाण्याच्या बाजूला ठिपकेदार. दोन्ही भेटतात तिथे संकर. कितीतरी नावं गळून पडली.

(पांडा बांबू सोलतो आहे.)

गूल्ड यांची हीच नजर त्यांच्या लेखांतही दिसते. हा पांडाचा अंगठा मोजा. तो सहावा आहे! पाच बोटं वेगळी, आणि हे मनगटातलं वाढलेलं हाड. हाताशी होतं त्यातूनच उत्क्रांतीने काम भागवलं. जानेवारी १९७४ ते जानेवारी २००१, ‘नॅचरल हिस्टरी’ मासिकात गूल्ड यांनी असे सलग ३०० लेख लिहिले. भाषा सोपी केली, कल्पना पातळ केली नाही. आम्हाला ते सर्वात मोलाचं वाटतं.

प्रजाती दीर्घकाळ स्थिर राहतात आणि बदल भूशास्त्रीय दृष्ट्या झटपट होतो, ही मांडणी त्यांनी जीवाश्मशास्त्रज्ञ नाइल्स एल्ड्रेज यांच्यासह १९७२ मध्ये केली. तिच्यावर मोठे वाद झाले.

२० मे २००२ रोजी, साठाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

(पुन्हा तेच झुडूप. फक्त वारा.)