न पाहिलेल्या घोड्याचे डोळे

नमस्कार. आज एकाच कादंबरीबद्दल बोलणार आहे, आणि तिचा शेवट फोडल्याशिवाय मला बोलता येणार नाही. ज्यांची ती वाचायची राहिली आहे, त्यांची आधीच माफी मागते. कादंबरी म्हणजे उम्बेर्तो इको यांची 'द नेम ऑफ द रोझ'. मूळ इटालियन, १९८० ची. इको इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात चिन्हशास्त्र, म्हणजे खुणा आणि त्यांचे अर्थ यांचं शास्त्र, शिकवत. वयाच्या ४८ व्या वर्षी आलेली ही त्यांची पहिली कादंबरी.

पहिल्या शंभर पानांत मी पुस्तक दोनदा मिटून ठेवलं. १३२७ चा नोव्हेंबर, उत्तर इटलीतल्या डोंगरावरचा एक मठ, पोप आणि सम्राट यांचं वैर, ख्रिस्ताजवळ स्वतःची मालमत्ता होती की नव्हती यावरचे वाद. माणूस मेलेला आहे, पण लेखकाला घाई नाही. मित्रांनी आणि संपादकांनी ही पानं कमी करा असं सुचवलं होतं. इकोंनी साफ नकार दिला. मठात सात दिवस राहायचं तर मठाच्या चालीने चालावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, पण कादंबरी संपल्यावर.

विल्यम हा फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातला, साधू तपास करतो. त्याच्याबरोबर असलेला कोवळा शिष्य अ‍ॅडसो म्हातारपणी ही हकिगत सांगतो. पहिलं प्रेत सापडतं ते गारपिटीच्या रात्रीनंतर, कड्याच्या पायथ्याशी. दुसरं डुकराच्या रक्ताने भरलेल्या रांजणात. तिसरं न्हाणीघरात, पाण्याखाली. मठातला एक अतिवृद्ध साधू आठवण करून देतो की बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सात कर्णे वाजतात: पहिल्याबरोबर गारा, दुसऱ्याबरोबर रक्त, तिसऱ्याबरोबर पाणी. झालं! विल्यमला सूत्र मिळालं आणि मलाही. मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने यादीच मांडली. चौथ्या कर्ण्याला ताऱ्यांवर आघात होतो. चौथा माणूस मेला तो डोक्यात नभोगोलाचं यंत्र घातल्यामुळे. त्या क्षणी मला केवढा आनंद झाला, काय सांगू!

विल्यम शेवटी ग्रंथालयातल्या गुप्त खोलीत पोचतो. तिथे मठातलाच दुसरा एक म्हातारा, आंधळा साधू होर्हे बसलेला आहे, आणि त्याच्यापाशी अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा दुसरा भाग आहे, विनोदावरचा, जो आज जगात कुठेच उरलेला नाही. त्याच्या पानांना विष लावलंय. चिकटलेली पानं सोडवायला बोट जिभेला लावणारा जितकं वाचेल तितकं विष त्याच्या पोटात जाणार. खुनी सापडला, अगदी बरोबर सापडला. आणि नेमकं तिथेच कळतं की कर्ण्यांची योजना मुळात कुणी आखलेलीच नव्हती. पहिल्याने जीव दिला होता. दुसरा विषाने मेला स्वयंपाकघरात. त्याला रांजणात टाकलं ते घाबरलेल्या तिसऱ्याने. हा तिसरा विषाची आग शमावी म्हणून पाण्यात उतरला होता. चौथ्याला मारणाऱ्याने हाताला लागलं ते उचललं. होर्हेच्या कानावर कर्ण्यांची गोष्ट आली, तेव्हा त्यालाही ती ईश्वराची योजना वाटू लागली! म्हणजे चुकीच्या सूत्राचं बोट धरून विल्यम बरोबर माणसापर्यंत आला.

मला फसवल्यासारखं वाटलं. त्या रात्री झोप आली नाही. रहस्यकथेत आपण लेखकाशी एक करार केलेला असतो: तू खुणा खऱ्या दे, मी नीट वाचेन. इथे खुणा खऱ्या होत्या, उत्तर खरं होतं, आणि मधला सगळा तर्क खोटा. मग मी कादंबरी पुन्हा पहिल्यापासून काढली, आणि सुरुवातीच्याच पानांवर थांबले.

तिथे एक घोडा आहे. विल्यम आणि अ‍ॅडसो मठाकडे चढताहेत, समोरून मठातली माणसं काहीतरी शोधत येतात. ती तोंड उघडायच्या आत विल्यम सांगतो की तुमच्या मठाधिपतींचा आवडता घोडा उजवीकडे गेलाय, त्याचं नाव ब्रुनेलस, डोकं लहान, कान टोकदार, डोळे मोठे. घोडा त्याने पाहिलेलाच नाही. पहिल्या वाचनात मी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर तो अ‍ॅडसोला उकल सांगतो: बर्फात लहान गोल खुरांचे ठसे होते, काटेरी झुडपात काळे लांब केस अडकले होते, पाच फुटांवरच्या डहाळ्या मोडल्या होत्या. इथवर सगळा पुरावाच. पण डोळे? कान? ते त्याने ग्रंथांतून उचलले. उत्तम घोडा असाच असतो असं थोर पंडितांनी लिहून ठेवलंय. हा घोडा खरोखर तसा असेलच असं नाही, पण मठातले साधू मात्र तो तसाच आहे असं नक्की मानत असणार. आणि नाव? पंडित घोड्याचं उदाहरण देताना ब्रुनेलसच म्हणतात.

बघा, शेवट इथेच लिहून ठेवलाय! निम्मं बर्फात दिसलेलं, निम्मं पुस्तकांतून आलेलं, आणि दोन्ही एकाच ठाम आवाजात सांगितलेलं. अ‍ॅडसोला उकल मिळाली होती, मलाही मिळाली होती. मी ती वाचली, हसले आणि पुढे गेले.

गुप्त खोलीची किल्लीही तबेल्यातच सापडते. ते दार कसं उघडायचं हे सांगणाऱ्या कोड्यात 'पहिलं आणि सातवं' असे शब्द असतात, आणि त्यांचा अर्थ कित्येक दिवस लागत नसतो. अ‍ॅडसोला तिसरा घोडा बघून एका अडाणी साधूचं मोडकं लॅटिन आठवतं, 'घोड्याचा तिसरा', आणि तो सहज ते बोलून जातो. विल्यम तिथेच थबकतो: तिसरा घोडा नव्हे, 'घोडा' या शब्दातलं तिसरं अक्षर! मग कोड्यातली पहिली आणि सातवी हीसुद्धा अक्षरंच. या वेळी विल्यमने काहीच ताडलेलं नव्हतं. शिष्य बोलला आणि दार उघडलं.