दोन लॅब, एक रक्त: आयएनआर जुळतो कसा

(दृश्य: फिकट निळ्या टोपणाची नळी, काचेवरच्या खुणेपर्यंत चढणारं रक्त)

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ सगळ्या लॅबमध्ये सारखा वाचता यावा म्हणून काढलेला आकडा. त्याच्या चाचणीच्या या नळीत 0.3 मिली सायट्रेट, म्हणजे गुठळी होऊ न देणारं रसायन, आधीच असतं. रक्त घ्यायचं 2.7 मिली, म्हणजे नऊला एक. रक्त खुणेच्या खाली राहिलं की सायट्रेट जास्त होतं. जास्तीचं सायट्रेट चाचणीत घातलेल्या कॅल्शियमला अडकवून ठेवतं आणि गुठळी उशिरा होते. मशीन बरोबर, आकडा चूक. अशी नळी लावायचीच नाही. पेशंटला पुन्हा बोलवावं लागलं तरी नवा नमुना घ्यायचा.

भरलेली नळी फ्रीजमध्ये किंवा बर्फावरही ठेवू नये. थंडीने रक्त गोठवणारा सातवा घटक सक्रिय होतो, पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे गुठळी व्हायला लागणारा वेळ) आखडतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून सगळे नमुने एकाच बर्फाच्या डब्यात येतात, तिथे हे हमखास घडतं. बंद नळी खोलीच्या तापमानाला 24 तास चालते.

(दृश्य: रिएजंटच्या खोक्यातलं पत्रक)

पीटीसाठी 37 अंशांवर प्लाझ्मात (रक्ताच्या पेशीविरहित द्रवात) थ्रॉम्बोप्लास्टिन हे गुठळी सुरू करणारं रिएजंट आणि कॅल्शियम घालून गुठळी होईपर्यंतचे सेकंद मोजतात. पण एक थ्रॉम्बोप्लास्टिन सशाच्या मेंदूपासून काढलेलं, दुसरं प्रयोगशाळेत घडवलेलं मानवी प्रथिन. दोघांचे सेकंद जुळत नाहीत. कृत्रिम झडप बसवलेल्या, वॉरफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असलेल्या माणसाचा डोस मात्र याच आकड्यावर ठरतो. म्हणून 1983 साली जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआरची पद्धत स्वीकारली: पेशंटचा पीटी भागिले सरासरी नॉर्मल पीटी, आणि त्या गुणोत्तराला आयएसआय, म्हणजे त्या थ्रॉम्बोप्लास्टिनची संवेदनशीलता सांगणारा आकडा, हा घातांक.

घातांक आहे, म्हणून छोटी चूकही महागात पडते. समजा, गुणोत्तर 2.5 आलं. रिएजंटच्या जुन्या लॉटचा (एकदम तयार झालेल्या खेपेचा) आयएसआय 1.05, तर आयएनआर 2.6. नव्या लॉटचा 1.25, तर 3.1. नवा लॉट उघडला आणि मशीनमध्ये जुनाच आयएसआय राहिला, की 3.1 चा पेशंट रिपोर्टवर 2.6 दिसतो. उद्दिष्ट 2 ते 3 असेल, तर डॉक्टर डोसला हात लावणार नाहीत. रक्त गरजेपेक्षा पातळ झालंय हे कुणालाच कळत नाही. पत्रकावर मशीनगणिक वेगळा आयएसआय छापलेला असतो. आपल्या मशीनचाच भरायचा, आणि दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्यायचा.

सरासरी नॉर्मल पीटीही लॉटबरोबर बदलतो. निदान 20 निरोगी स्त्रीपुरुषांचे नमुने त्याच मशीनवर, त्याच लॉटने लावून त्यांचा भूमितीमध्य काढायचा. रोजच्या कंट्रोलचे, म्हणजे चाचणी तपासायला लावतात त्या तयार नमुन्याचे, सेकंद तिथे भरणं साफ चूक आहे, आणि ते सर्रास चालतं.

(दृश्य: पुठ्ठ्याच्या पाकिटातून निघालेली सुकवलेल्या प्लाझ्माची कुपी)

बाह्य गुणवत्ता तपासणीत हाच प्लाझ्मा अनेक लॅबना जातो आणि तेच रिएजंट वापरणाऱ्यांचे निकाल शेजारी ठेवले जातात. ठरलेलं डिस्टिल्ड वॉटर पिपेटने मोजून घालायचं, कुपी हलक्या हाताने फिरवायची, हलवून फेस करायचा नाही. मग पेशंटच्या नमुन्यांच्या रांगेतच, त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या टेक्निशियननेच, एकदाच लावायची.