जर्मनसाठी ‘बेस्ट ॲप’ विचारण्याआधी डेर-डी-डासचं बघा

नमस्कार. गेल्या तीन व्हिडिओंखाली एकच प्रश्न आलाय, शब्द बदलून बदलून. “ताई, जर्मनसाठी बेस्ट ॲप कोणतं?” “ताई, फुकटात बी १ पर्यंत जाता येईल का?” (बी १ म्हणजे भाषेची मधली पातळी; ए १, ए २ त्याच्या आधीच्या.) २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून तर रोजच. सिन्नर, दिंडोरीच्या नर्सिंगच्या मुली विचारतात, नाशिकच्या सातपूर-अंबडला नोकरी करणारे विचारतात. परवा एका शाळेतल्या बाईंनी विचारलं, त्यांच्याकडे पुढच्या वर्षी जर्मन सुरू होतंय. म्हणून आज एकदाच नीट सांगते.

नेहमीची नावं पटापट घेते, कारण ती तुम्हाला कुठेही मिळतील. सुरुवात डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या ‘नीकोस वेग’ या व्हिडिओ कोर्सपासून करा. स्पेनहून जर्मनीत आलेल्या नीकोची गोष्ट आहे, ए १ ते बी १, पूर्ण मोफत. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या साइटवर परीक्षेचे नमुना पेपर आहेत, ऐकण्याच्या ऑडिओसकट. कोणी पैसे घेऊन त्यांची झेरॉक्स विकत असेल तर घेऊ नका. ए २ संपलं की डॉइच वेलेच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या ऐका, खाली पूर्ण मजकूर दिलेला असतो. शिक्षकांसाठी लर्निंगॲप्स ही साइट आहे. जोड्या लावा, गाळलेल्या जागा, असे सराव तिथे दहा मिनिटांत तयार होतात. झालं.

आता मला जे बोलायचंय ते.

माझ्याकडे नवीन कोणी आलं की मी वही बघते. वहीत काय असतं? दार म्हणजे ट्यूर. टेबल म्हणजे टिश. खिडकी म्हणजे फेन्स्टर. शब्दाच्या आधी लिंग सांगणारं डेर, डी, डास काहीच नाही. मोबाइलमध्ये सात ॲप, वहीत चारशे शब्द, आणि एकही शब्द पूर्ण नाही! मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत केलेली दिसते. मीही हेच केलं होतं. दोनशे पानी वही भरली होती ए १ ला. ए २ ला विभक्ती सुरू झाल्या आणि कळलं की अख्खी वही पुन्हा लिहायची आहे. दोन महिने गेले त्यात.

आणि हे आपल्याकडून व्हावं? मराठी माणसाकडून? हिंदीत लिंगं दोन, इंग्रजीत नामांना लिंगाची भानगडच नाही. आपल्याकडे तिन्ही आहेत: तो, ती, ते. जर्मनमध्येही तीन: डेर, डी, डास. कोणी ‘तो खुर्ची’ म्हणालं तर आपल्या कानाला कसं टोचतं? जर्मन माणसाला ‘डास टिश’ ऐकून तसंच टोचतं. आपल्याला घरी कोणी तक्ता देऊन शिकवलं नाही की खुर्ची स्त्रीलिंगी. आपण ‘ती खुर्ची’ असंच ऐकलं, हजार वेळा. म्हणून ‘डेर टिश’ हा एकच शब्द समजा. टिश नावाचा वेगळा शब्द नाहीच, असं धरून चाला.

फक्त मराठीचं लिंग उचलून तिकडे लावू नका. पुस्तक ते, डास बूख, जुळलं. घर ते, डास हाउस, जुळलं. म्हणून खूश होतो आपण. पण खुर्ची ती, तर डेर श्टूल. खिडकी ती, तर डास फेन्स्टर. आपला सूर्य तो, त्यांची डी झोन्ने. आपला कांदा तो, त्यांची डी त्स्वीबेल. लासलगावच्या एका मुलाने हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ केला होता, पण ‘डेर’ लावून, कारण कांदा तो ना!

इथे एक कमेंट आठवली. एका ताईंनी लिहिलं होतं, “जर्मनमध्ये मुलीला नपुंसकलिंगी म्हणतात, हा अपमान नाही का?” त्यांचा मुद्दा डास मेडशेनचा. शेवटी ‘शेन’ आलं की शब्द लहानपणा दाखवतो आणि तो कायम डास असतो. आता आपलं बघा: वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू. सगळी ‘ते’. लेकरू म्हणताना आपण कोणाचा अपमान करतो का? उलट जीव लावतो. मला तर हे साम्य सापडलं तेव्हा इतका आनंद झाला होता की त्या दिवशी वर्गात दुसरं काही शिकवलंच नाही.

बरं, डेर-डी-डास आणायचं कुठून? नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. भाषांतराच्या ॲपमध्ये नुसतं ‘दार’ टाकलं की नुसतं ‘ट्यूर’ येतं. तिथून शब्द घेऊ नका. शब्द कोशातून घ्या. दोन कोश आहेत, दोन्ही ऑनलाइन आणि मोफत: डूडेन, आणि बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा डी-डब्ल्यू-डी-एस. तिथे ‘ट्यूर, डी’ असं लिहिलेलं दिसेल. नाम आधी, स्वल्पविराम, मग लिंग. तुमच्या वहीत उलटं करून लिहा: डी ट्यूर.

त्याखालीच रूपं दिलेली असतात आणि तिथे दुसरा खड्डा आहे. डी-डब्ल्यू-डी-एसमध्ये आधीचं रूप षष्ठीचं, ‘टेबलाचा’ मधलं. अनेकवचन त्याच्यानंतर. घाईत लोक पहिलंच उचलतात आणि टिशचं अनेकवचन ‘टिशेस’ लिहून मोकळे होतात. ते आहे टिशे. दुसरं रूप घ्या. परत सांगते, दुसरं.

आता कोणी म्हणेल, “ताई, मी कोश बघत नाही, मी वाक्यांतून शिकतो.” छान आहे, वाक्यांसाठी मी स्वतः तातोएबा ही साइट वापरते. जपानी शब्द आहे, अर्थ ‘उदाहरणार्थ’. लोकांनी घातलेली वाक्यं आणि त्यांची भाषांतरं, मराठीही आहेत. पण वाक्यातून लिंग उचलायला गेलात तर फसाल. ‘आन डेर ट्यूर’ म्हणजे दारापाशी. तुम्ही ऐकलं ‘डेर’, लिहिलं पुल्लिंगी. चूक! दार डीच आहे, विभक्तीमुळे डीचं डेर झालंय. तसंच ‘डी टिशे’ ऐकलं म्हणून टेबल स्त्रीलिंगी होत नाही, अनेकवचनात सगळ्यांनाच डी लागतं. आपलं ‘घोडा’ जसं ‘घोड्याला’ म्हणताना बदलतं, तसं तिकडे पुढचा डेर बदलतो: डेन टिश, डेम टिश. मूळ रूप पक्कं नसेल तर या बदलाला धरायचं कुठे? म्हणून मूळ लिंग कोशातून, वापर वाक्यातून.

मग हे सगळं एका कार्डावर आणा. आंकी नावाचा प्रोग्रॅम आहे, डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणला. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर मोफत, आयफोनवर विकत. सारख्या नावाची दुसरी ॲप खूप आहेत, नीट बघून घ्या. विसरायच्या बेताला शब्द पुन्हा समोर येतो, एवढंच त्याचं काम. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने आपण किती वेगाने विसरतो हे स्वतःवरच प्रयोग करून मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं, त्याच विचारावर हे चालतं.

तयार कार्डांचा पाच हजारांचा गठ्ठा उतरवू नका. स्वतः बनवा, रोज आठ. पुढच्या बाजूला दाराचा फोटो, तुमच्याच घराच्या दाराचा. मागे डी ट्यूर, डी ट्यूरेन, एक वाक्य, आणि फोर्वो या उच्चारांच्या साइटवर ऐकून घेतलेला उच्चार. फोर्वोवर खरी माणसं बोलतात, कोणत्या देशातली तेही दिसतं. ऐकताना लिंगासकट मोठ्याने म्हणा. माझी एक विद्यार्थिनी सिन्नरहून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर येताना बसमध्ये हेच करायची, सुरुवातीला लाजत, नंतर शेजारच्या मावशीही तिच्याबरोबर ‘डी ट्यूर’ म्हणायला लागल्या.

शाळेतल्या बाईंना एवढंच: मुलांना फळ्यावर शब्द देताना लिंग कधीच सोडू नका आणि वेगळ्या रंगात द्या. डेर निळा, डी लाल, डास हिरवा. वर्षभर रंग बदलायचे नाहीत.

कांदा मी सांगून टाकला. तुम्ही आज लसूण शोधा, कोशातून. डेर, डी की डास, ते कमेंटमध्ये लिहा. आणि त्याचं अनेकवचन तिथे सापडतं का, तेही बघा.